ग्रंथालयात बसवलेली सात मुलं

जानेवारीचा पहिला आठवडा सरला की पालघरची हवा कोरडी होते. भात कापून झालेल्या शेतांत वाल चढलेला असतो, सकाळी त्याच्या पानांवर दव असतं, आणि दुपारपर्यंत त्याच मातीला बारीक भेगा दिसायला लागतात. मनोरच्या रस्त्याला नीरा विकणारे बसतात. रिक्षात शेजारी सुक्या बोंबलांची टोपली आली की उतरल्यावरही तासभर तो वास ओढणीला चिकटून राहतो. इथल्या लोकांना हे दिवस फार आवडतात. लग्नं ठरतात, जत्रा भरतात. मला मात्र ते लवकर सरावेत असं वाटतं, कारण आमचे वार्षिक पाठ याच दिवसांत असतात.

मी बी.एड.च्या कॉलेजात शिकवते. जी मुलं-मुली पुढे शाळांत इंग्रजी शिकवणार आहेत, त्यांना इंग्रजी आणि त्यातल्या कथा-कविता वर्गात कशा शिकवायच्या हे शिकवणं, हे माझं काम. वर्षभर ती जवळच्या शाळांत जाऊन सरावाचे तास घेतात. मी वर्गात मागे बसून वहीत शेरे लिहिते. शेवटी जानेवारीत बाहेरून परीक्षक येतात, आणि प्रत्येकाला एका खऱ्या वर्गासमोर एक तास शिकवून दाखवावा लागतो. त्या एका तासावर वर्ष ठरतं.

त्या दिवसांत आमच्या कॉलेजचा व्हरांडा बघावा. कुणी पुठ्ठ्याचं झाड कापत असतं, कुणी शब्दांच्या पट्ट्या रंगवत असतं, कुणी भिंतीकडे तोंड करून ‘गुड मॉर्निंग, चिल्ड्रन’ पुन्हा पुन्हा म्हणत असतं. डिंकाचा आणि स्केचपेनचा वास. डबे उघडले जातात आणि तसेच बंद होतात. बावीस-तेवीस वर्षांच्या, एरवी दिवसभर खिदळणाऱ्या मुली अचानक आपल्या आयांसारख्या दिसायला लागतात.

मीही अशीच एका जानेवारीत उभी राहिले होते. माझी आई तारापूरच्या बाजूला मासळी विकायची. घरात ‘आमी’, ‘तुमी’, ‘नाय’ असंच बोलणं होतं. ते जिभेवरून खरवडून काढायला मला कॉलेजची तीन वर्षं लागली, आणि इंग्रजी तर मी सगळं पाठ करूनच शिकले. माझ्या वार्षिक पाठाच्या आदल्या दिवशी माझ्या मॅडमनी मला शांतपणे सांगितलं होतं, “त्याच वर्गात आज एकदा पाठ घेऊन ठेव. उत्तरं सांगून ठेव.” मी तसं केलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलांनी हात वर केले, आणि मला पहिला वर्ग मिळाला. पुढे मी शिकवायला लागले तेव्हा माझ्या मुलींना मीही तेच सांगितलं. पाठ घेऊन ठेव. इतक्या सहज सांगायचे की ती फसवणूक आहे हे माझ्या लक्षातही यायचं नाही. घरी पाहुणे येणार म्हणून पसारा आत ढकलावा, तसं वाटायचं.

तीन वर्षांपूर्वी माझ्या गटात वनिता होती.

वनिता मनोरच्या पलीकडे, डोंगराच्या बाजूच्या एका पाड्यावरची. आईवडिलांची थोडी जमीन, तीही पावसावरची. भात निघालं की घर बंद करून सगळं कुटुंब वीटभट्टीवर कामाला जायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. त्यामुळे तिची शाळा दर वर्षी अर्धीच व्हायची. तरी ती शिकली, पदवीला इंग्रजी घेतलं, आणि बी.एड.ला आली. बारीक अंगकाठी, केसांची घट्ट वेणी, बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता कानाकडे बघायची सवय. इंग्रजी वाचायची ती माझ्यापेक्षा जास्त. बोलायला उभी राहिली की मात्र एकेक शब्द दगडावर पाय ठेवून नदी ओलांडल्यासारखा यायचा.

एकदा ती पाचवीच्या वर्गावर सरावाचा तास घेत होती. मुलांना काही कळेना, तेव्हा ती चटकन त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली. वर्ग खळखळून हसला, आणि पुढचं इंग्रजी वाक्य सगळ्यांनी एका दमात म्हटलं. फार छान तास झाला होता तो. मी वहीत शेरा लिहिला, ‘बोलीभाषेचा वापर टाळावा.’ तिने शेरा वाचला, “हो मॅडम,” म्हणाली, आणि त्यानंतरच्या तासांना ती वर्गात एखाद्या परक्या घरी आल्यासारखी वावरायला लागली.

त्याच्या आदल्या वर्षी ती वार्षिक पाठात नापास झाली होती. मधेच तिचा आवाजच बंद झाला होता. फळ्याकडे तोंड करून ती नुसती उभी राहिली, घंटा होईपर्यंत. आता ही दुसरी खेप होती. तिच्या पाड्याजवळच्या आश्रमशाळेत इंग्रजीची जागा रिकामी होती, आणि तिथल्या मुख्याध्यापकांनी तिला सांगून ठेवलं होतं, पास होऊन ये, उन्हाळ्यापर्यंत थांबतो. घरच्यांनी आणखी एक वर्ष थांबवलं नसतं. तिचं लग्न बघायला सुरुवात झाली होती.

आमच्या प्राचार्यांनीही मला बोलावून घेतलं. “मागच्या वर्षी तुमच्याच गटाचा निकाल खाली आला,” ते म्हणाले. “यंदा तसं नको, मॅडम. काय ते बघा.”

काय ते बघायचं म्हणजे काय, हे दोघांनाही माहीत होतं.

पाठाच्या दोन दिवस आधी मी वनिताला व्हरांड्याच्या टोकाला नेलं. तिच्या वाट्याला बोईसरच्या एका शाळेतली आठवी ब आली होती. औद्योगिक वसाहतीला लागून असलेली मराठी शाळा. निम्मी मुलं उत्तरेकडून आलेल्या कामगारांची, बाकीची आसपासच्या पाड्यांवरची आणि चाळींतली. शिकवायची होती एक छोटी इंग्रजी कविता. एक कुटुंब घर बंद करून दूर निघून जातं, आणि त्यांचं कुत्रं दाराशी बसून राहतं, एवढीच कविता.

“उद्या जाऊन एकदा पाठ घेऊन ठेव,” मी म्हटलं. “सहा प्रश्न काढ. प्रत्येक प्रश्नाला दोन मुलं ठरवून दे. उत्तरं पाठ करून घे.”

“हो मॅडम.”

“आणि त्या वर्गात सात जण आहेत, ज्यांना एबीसीडीसुद्धा धड येत नाही. वर्गशिक्षिकांनी मला नावं दिलीत. परवा त्यांना ग्रंथालयात बसव. चित्रांची पुस्तकं दे हातात.”

ती माझ्या कानाकडे बघत राहिली.

“सातही जणांना?”

“परीक्षकांनी नेमकं त्यांच्यातल्याच कुणाला उठवलं तर काय करशील?”

ती काही बोलली नाही. मला वाटलं, तिला पटलं. आता आठवतं तेव्हा तिचा चेहरा वेगळा दिसतो, पण तेव्हा मी घाईत होते. माझ्या हातात आणखी दहा जणांच्या पाठांची टाचणं तपासायला होती.

दुसऱ्या दिवशी मी बोईसरला गेले तेव्हा आठवी बच्या दारावरून सहज गेले. आत मुलं एका सुरात म्हणत होती, “द डॉग इज सिटिंग ॲट द डोअर.” पुन्हा. पुन्हा. पाढे म्हणावेत तसं. वनिता फळ्याजवळ पट्टी धरून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. मी समाधानाने पुढे गेले.

पाठाच्या दिवशी सकाळी बोईसर स्टेशनबाहेर धुकं होतं, त्यात वसाहतीतल्या कारखान्यांचा आंबूस वास मिसळला होता. तिथे राहणारे लोक ‘आज कमी आहे’ किंवा ‘आज जास्त आहे’ एवढंच म्हणतात. पहिल्या पाळीच्या बसेस भरून चालल्या होत्या. रिक्षात माझ्या शेजारी वनिता बसली होती, मांडीवर पाठाची वही, वहीवर दोन्ही हात. मी तिला पुन्हा प्रश्नांचा क्रम विचारला. तिने तो सांगितला.

परीक्षक एका दुसऱ्या जिल्ह्यातून आले होते. साठीच्या जवळचे, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, बोलणं मोजकं. पायांना त्रास असावा, कारण मागच्या बाकावर बसल्या बसल्या त्यांनी बूट काढून बाजूला ठेवले आणि मोज्यांनिशी पाय फरशीवर टेकले. मी त्यांच्या शेजारच्या बाकावर. समोर आठवी ब. सात मुलं कमी असूनही वर्ग भरलेला वाटत होता, कारण मी सांगितल्याप्रमाणे मुलांना विरळ बसवलं होतं.

सुरुवात ठीक झाली. वनिताने कविता वाचून दाखवली, आणि तिचा आवाज कापला नाही. पहिला प्रश्न विचारला, कुत्रा कुठे बसला आहे? ठरलेले दोन हात वर गेले, इतरांनीही हौसेने हात वर केले. ठरलेलं उत्तर आलं. परीक्षकांनी काहीतरी लिहिलं.

मग वनिता एक प्रश्न गाळून पुढे गेली. घाबरून झालं ते. दुसरा प्रश्न होता, घरातून कोण निघून गेलं? तो राहिला, आणि तिने थेट तिसरा विचारला, “हाऊ डज द डॉग फील?” कुत्र्याला कसं वाटतं?

दुसऱ्या प्रश्नासाठी ठरवलेली पिंकी नावाची मुलगी टुणकन उठली. दोन वेण्या, लाल रिबिनी. हात शरीराला चिकटवून, मोठ्याने म्हणाली, “द फॅमिली हॅज गॉन अवे, टीचर!”

वनिताने प्रश्न पुन्हा विचारला, सावकाश. पिंकीला वाटलं, आपला आवाज कमी पडला. ती आणखी जोरात म्हणाली, “द फॅमिली हॅज गॉन अवे!”

कुणीतरी फिस्सकन हसलं. परीक्षकांनी पेन बाकावर ठेवलं. तो एवढासा आवाज मला अजून ऐकू येतो.

मी काय केलं ते सांगते. मी मागे बसल्या बसल्या ओठांनी वनिताला खुणावलं, ‘पुढचा, पुढचा प्रश्न घे.’ वनिताने ते पाहिलं. क्षणभर आमची नजर मिळाली, बहुधा पहिल्यांदाच ती थेट माझ्या डोळ्यांत बघत होती. मग तिने मान वळवली, फळ्याकडे. मागच्या वर्षी ती अशीच फळ्याकडे वळली होती. गेलं, मला वाटलं. संपलं.

पण तिने पुस्तक मिटलं आणि टेबलावर ठेवलं. मुलांकडे तोंड केलं आणि इंग्रजीतच म्हणाली, एकेक शब्द उचलत, की काल मी तुम्हाला उत्तरं सांगितली. ते चूक होतं. चूक माझी. पिंकीची नाही. मग मागे बघून म्हणाली, “वन मिनिट, सर,” आणि वर्गाबाहेर गेली.

ते एक मिनिट किती मोठं होतं, कसं सांगू? मुलं मागे वळून आमच्याकडे बघत होती. पिंकी अजून उभीच होती, तिला कुणी बस म्हटलं नव्हतं, आणि एका वेणीची रिबीन बोटाला गुंडाळत होती. बाहेर वनिताच्या चपलांचा आवाज लांब जात गेला. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या भिंतीवरचा नकाशा बघत राहिले.

चपलांचा आवाज परत आला तेव्हा त्यात आणखी पावलं होती. ग्रंथालयातली सातही मुलं तिच्या मागून वर्गात शिरली. एकीच्या हातात चित्रांचं पुस्तक तसंच होतं. बाकांवर सरकासरकी झाली, दप्तरं खाली पडली, दोघं जागा नाही म्हणून खालीच बसली. वनिताने पिंकीच्या खांद्याला हात लावला आणि तिला बसवलं.

“आता कविता पुन्हा वाचते,” ती म्हणाली, या वेळी मराठीत. “मंग मला सांगा, तुमाला काय वाटतं. कुठल्याही भाषेत सांगा. इंग्रजी आपण मिळून करू.”

तुमाला. मंग. परीक्षकांसमोर. मी डोळे मिटून घेतले.

तिने कविता वाचली. मग पिंकीच हळूच म्हणाली, “मैडम, हमारी बकरी भी गाँव में छूट गई. चाची के पास.” आणि मग एका मुलाने मांजराचं सांगितलं, एकाने आजोबांचं. वनिता प्रत्येकाचं ऐकायची, त्यातला एक शब्द इंग्रजीत करून फळ्यावर लिहायची, आणि त्यालाच म्हणायला लावायची. कधी तिचंच वाक्य अडायचं, मग ती पुसून पुन्हा लिहायची, सगळ्यांसमोर. वर्गात गोंगाट होता. टाचणात असलं काहीच नव्हतं.

ग्रंथालयातून आलेल्यांपैकी एक मुलगी होती, सुगंधा. तेलकट केस, मोठ्या मापाचा गणवेश. फरशीवर बसल्या बसल्याच ती म्हणाली, “बाई, त्यो कुत्रा मेला आसंल.”

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

वनिता तिच्यासमोर खाली बसली. “तुला कसं माहीत?”

“आमचा मेला. आमी भट्टीवर गेलतो. परत आलो तं नव्हता. भाकर कोन घालनार त्याला?”

वनिता काही क्षण तशीच बसून राहिली. मला वाटलं, तिचा आवाज पुन्हा गेला. मग ती उठली आणि फळ्यावर लिहिलं, व्हेन वी केम बॅक, ही वॉज नॉट देअर. एकेका शब्दावर बोट ठेवून तिने सुगंधाला त्याचा अर्थ सांगितला. सुगंधाने दोनदा ते मनातल्या मनात म्हणून बघितलं, ओठ हलताना दिसत होते. नंतर ती उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली. ‘देअर’ जरा वाकडा आला. वाक्य मात्र तिचं होतं, ते कुणी तिला आदल्या दिवशी दिलेलं नव्हतं.

घंटा झाली. कविता अर्धीच झाली होती. गृहपाठ द्यायचा राहिला, समारोप राहिला. नियमाप्रमाणे बघितलं तर तास पूर्ण फसला होता.

नंतर मुख्याध्यापिकांच्या खोलीत चहा आला. परीक्षकांनी वनिताला समोर उभं केलं. मी शेजारच्या खुर्चीत, कप हातात.

“पाठ घेऊन ठेवायला कुणी सांगितलं तुम्हाला?”

“मीच घेतला, सर.”

“आणि मुलांना बाहेर बसवायला?”

“तेही मीच.”

“कुणी सांगितलं नाही?”

“नाही, सर.”

ती माझ्याकडे बघत नव्हती. मी चहाचा घोट घेतला. चहा फार गोड होता. तोंड उघडायला मला एवढीच सवड होती, आणि ती मी चहा पिण्यात घालवली. परीक्षक म्हणाले, “ठीक आहे. जा तुम्ही.” ती गेली.

त्यानंतर मी आणखी तीन पाठ पाहिले; गटातले बाकीचे दुसऱ्या वर्गांत दुसरे परीक्षक बघत होते. तिन्ही सुरळीत झाले, सगळे हात वेळेवर वर गेले, आणि मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही.

मधल्या सुट्टीत वनिता मैदानाच्या कडेला, पाण्याच्या टाकीच्या सावलीत डबा खात बसली होती. नागलीची भाकर आणि सुकटीची चटणी. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले.

“कुणी सांगितलं नाही, मीच केलं, असं का म्हणालीस?” मी विचारलं.

मला वाटतं, मला काहीतरी वेगळं ऐकायचं होतं. तुमच्याबद्दल आदर आहे मॅडम, असं काहीतरी. ती घास चावून झाल्यावर म्हणाली, “तुमचं नाव घेतलं असतं तर बाकीच्या दहा जणांचे पाठ गेले असते. त्यांनी काय केलंय?” आणि मग, थोडं थांबून, “आणि मॅडम, वर्गात जाऊन ते केलं तर मीच ना.”

ती डब्याकडे बघत बोलत राहिली.

“मी पाचवीत होते ना, तेव्हा शाळेत साहेब यायचे तपासायला. भट्टीवरून आलेल्या आम्हा तिघींना काही यायचं नाही. साहेब आले की गुरुजी आम्हाला पाण्याच्या टाकीवर पाठवायचे, टाकी भरा म्हणून. टाकी भरलेलीच असायची. मग आम्ही ती ओतायचो आणि परत भरायचो. साहेब जाईपर्यंत.” तिने डब्याचं झाकण लावलं. “काल रात्रभर ठरवलेलं होतं, की काही बोलायचं नाही, गपगुमान पाठ काढायचा आणि पास व्हायचं. पण त्या पोरीचा आवाज वाढला ना, पिंकीचा. तिला वाटलं, आपलंच चुकलं.”

शाळा सुटेपर्यंत माझ्याकडे दोन तास होते. गुणांचे तक्ते साडेचारला पाकिटात बंद होणार होते. मी बोलले तर अकराही जण अडकणार होते, त्यात सफाळ्याहून येणारी एक गरोदर मुलगी होती, आणि घरची मोठी जबाबदारी असलेला एक मुलगा. नाही बोलले तर एकटी वनिता. हिशेब सोपा होता, आणि दोन तास मी तोच घोकत बसले. शेवटचा पाठ संपला. परीक्षक बूट घालायला खाली वाकले होते.

“सर,” मी म्हटलं, “वनिता खोटं बोलली. मी सांगितलं होतं. सगळ्यांनाच. ते सात जण बाहेर बसवायलाही मीच.”

ते वाकलेलेच राहिले. नाडीची गाठ मारून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं.

“आता सांगताय?”

“हो.”

“सकाळीही तुम्ही तिथेच होतात.”

“हो, सर.”

त्यांनी मला आणखी काही विचारलं नाही. प्राचार्यांना फोन लावला, बाहेर मैदानात जाऊन बराच वेळ बोलले. परत आले ते निर्णय घेऊनच. दहा जणांचे पाठ पुढच्या आठवड्यात पुन्हा होतील. दुसऱ्या शाळेत, कुठला वर्ग ते सकाळी कळेल.

“दहा?” मी विचारलं. “अकरा जण आहेत, सर.”

“तिचा पाठ मी पाहिला,” ते म्हणाले, आणि पेन खिशाला लावलं.

ही गोष्ट इथे थांबवता आली असती तर किती बरं झालं असतं. पण पुढच्या आठवड्यात पुन्हा पाठ झाले आणि माझ्या गटातल्या दोन मुली नापास झाल्या. त्यातली एक ती गरोदर मुलगी. आयुष्यात पहिल्यांदा त्या परीक्षकांपुढे, अनोळखी मुलांसमोर काहीही ठरवून न घेता उभ्या राहत होत्या, आणि मी त्यांना ते कधी शिकवलंच नव्हतं. दुसरीच्या वडिलांनी कॉलेजात येऊन मला विचारलं, “तुमाला आत्ताच खरं बोलायचं होतं का?” ती दुसरी पुढच्या वर्षी पास झाली. गरोदर मुलगी परत आलीच नाही. सफाळ्याच्या बाजारात एकदा तिला लांबून पाहिलं, कडेवर मूल होतं. मी हाक मारली नाही.

वनिता पास झाली. गुण बेताचे होते. जूनमध्ये त्या आश्रमशाळेत लागली. प्राचार्यांनी माझ्याकडून लेखी खुलासा घेतला आणि दोन वर्षं मला पाठांच्या कामातून बाजूला ठेवलं. त्या दोन जानेवारींत मी कॉलेजातच राहून पुस्तकातले मुद्दे शिकवले. व्हरांड्यातला गोंधळ खिडकीतून ऐकायचे. यंदा पुन्हा मला गट दिला आहे.

या वेळी मी पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांगून टाकलं की पाठ घेऊन ठेवायचा नाही, कुणालाही वर्गाबाहेर बसवायचं नाही. बोली आली तर येऊ द्या. माझ्या मुलींनी माना डोलावल्या, पण त्यांच्या डोळ्यांतली भीती मला दिसत होती, कारण बाजूच्या गटांत सगळं नेहमीसारखंच चाललं होतं.

काल श्रद्धाचा सरावाचा शेवटचा तास होता, सातवीवर. हुशार मुलगी, स्वच्छ उच्चार. एका मुलाने असा काही प्रश्न विचारला की तिला उत्तर सुचेना. ती थांबली. मी मागे बसून जीभ दातांखाली धरली. अर्धं मिनिट गेलं असेल. मग ती रडायला लागली, मुलांसमोरच, आणि बाहेर आल्यावर सगळ्यांदेखत मला म्हणाली, “दुसऱ्या गटातल्यांना सगळं आधी सांगतात. तुम्ही आमच्यावर प्रयोग करताय, मॅडम.”

संध्याकाळी मी वनिताला फोन केला. मागे मुलांचा कलकलाट होता, जेवणाच्या ताटांचा आवाज. मी सगळं सांगितलं.

“पोरं हसली का तिला?” वनिताने विचारलं.

“नाही. एका मुलीने उठून तिला पाणी दिलं.”

“मग उद्या तिला परत त्याच वर्गात पाठवा.”

“ती जाणार नाही म्हणते. मागच्या बाकावर बसेन म्हणते, पण शिकवणार नाही.”

मग वनिता म्हणाली, “तर तुमी घ्या ना तो तास.”

“मी?”

“हो. काही न ठरवता. तिला मागे बसून बघू द्या.”

मी हसले, ती हसली नाही. फोन ठेवल्यावर मी आठवत बसले, शाळेतल्या मुलांच्या वर्गात, उत्तरं आधी सांगून न ठेवता, मी शेवटचं कधी उभी राहिले होते. मला आठवेना. बहुतेक कधीच नाही.

आज सकाळी आठ वाजता मी सातवीच्या वर्गात गेले. श्रद्धा मागच्या बाकावर वही उघडून बसली होती, सुजलेले डोळे, हातात पेन, माझ्यावर शेरा लिहायला तयार. समोर चाळीसएक चेहरे. इतकी वर्षं इंग्रजी शिकवूनही मी पहिलं वाक्य मनात दोनदा म्हणून बघितलं. मी त्यांना पहिला प्रश्न विचारला, आणि विचारताना मला त्याचं उत्तर माहीत नव्हतं. कुणीच हात वर केला नाही. पंखा फिरत होता. खिडकीजवळची एक मुलगी उठू की नको अशी अर्धी उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली.

“बाई,” ती म्हणाली, “चुकलं तरी चालंल?”

“चालेल,” मी म्हटलं. “माझंही चुकेल.”